पाहुणचार हवा, प्रदर्शन नको

आपल्या गावठाणांत गेल्या काही वर्षांपासून एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. तो एकटा येत नाही; दहा-बारा जणांच्या घोळक्याने येतो. त्याच्या गळ्यात कॅमेरा, हातात पाण्याची बाटली आणि सोबत एक बोलका मार्गदर्शक असतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापुढे तो थांबतो, जुन्या घराचा लाकडी जिना न्याहाळतो, एखाद्या ओसरीवर बसून फुगे आणि बाटली मसाल्याचा रस्सा खातो आणि दोन-अडीच तासांत निघून जातो. या उपक्रमाला 'वारसा सहल' किंवा 'सांस्कृतिक सहल' असे भारदस्त नाव आहे. वांद्र्याच्या रानवारमध्ये आणि गिरगावच्या खोताच्या वाडीत हे दृश्य आता कोणाला नवलाचे वाटत नाही. आता ही पावले चेंबूरकडेही वळू लागली आहेत. अशा सहलींसाठी धर्मग्रामाचे सभागृह मिळावे, गावातील बायकांनी लुगडी नेसून 'उंबराचे पाणी' करून दाखवावे, जमल्यास चर्चच्या पायरीवर नवरा-नवरी उभे करून लग्नाचा देखावा सादर करावा आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम घ्यावी, अशा सूचना कानी येतात. या सूचनांविषयी आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. पाहुणा जरूर यावा. देखावा मात्र होऊ नये.

या विषयावर आपल्यात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, परक्यांनी आमच्या गल्लीत पाऊल टाकूच नये. दुसरा म्हणतो, येणाऱ्याला जे हवे ते दाखवावे, कारण त्यातूनच आपली संस्कृती टिकेल. आम्हांला हे दोन्ही तट मान्य नाहीत. ज्या समाजाने उंबरठ्यावर आलेल्याला पेज-पाणी दिल्यावाचून परत पाठवले नाही, त्याने दाराला कडी लावून बसणे हा आपल्या श्रद्धेचाच अवमान होय. आणि ज्या समाजाने आपले संस्कार तिकीट लावून दाखवायला काढले, त्याच्याजवळ पाहुण्याला देण्यासारखे लवकरच काही उरणार नाही.

प्रथम एका विसरलेल्या गोष्टीची आठवण करून देऊ. आपण बेटावर राहतो. चेंबूरच्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे सांगितले तर तो हसेल. परंतु साष्टी हे बेट आहे आणि सहासष्ट गावांचे म्हणून त्याला षट्षष्टी, पुढे साष्टी, असे नाव पडले, असे सांगतात. त्याच्या पूर्वेला ट्रॉम्बे हे आणखी एक बेट होते. दोहोंमधली खाडी, दलदल आणि खाजण भरत गेले आणि आज कोठून कोठे ओलांडले हे कोणाला कळतही नाही. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने वसई आणि हा सारा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ साली इंग्रजांनी ठाणे घेतले. १८४५ साली माहीमचा बांध झाला, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली, आणि बेट हळूहळू शहराच्या पोटात गेले.

चेंबूरच्या वाट्याला या इतिहासातला कोणता भाग आला? १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरकडे रेल्वेचा एकेरी रूळ टाकला गेला तो माणसांसाठी नव्हे, मुंबईचा कचरा वाहून नेण्यासाठी. माणसांना त्या मार्गाने प्रवास करायला १९२४ साल उजाडावे लागले. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या येथेच वसल्या. १९५४ साली ट्रॉम्बेला अणुशक्तीचे केंद्र उभे राहू लागले, त्याच सुमारास माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पुढे खताचा कारखाना आला. कोळ्यांची खाडी काळवंडली, भातखाचरे गेली, आंब्या-फणसांच्या वाड्या गेल्या.

आता आम्ही विचारतो, दोन तासांच्या सांस्कृतिक सहलीत यातले काय सांगितले जाते? फुगे सांगितले जातात. कचऱ्याची गाडी सांगितली जात नाही. लुगड्याचा पदर दाखवला जातो. ज्या खाचरात ते लुगडे कासोटा घालून चिखलात उतरत असे, त्या खाचरावर आज काय उभे आहे हे दाखवले जात नाही. जी संस्कृती आपल्या जमिनीपासून तोडून ताटात वाढली जाते, तिला संस्कृती म्हणावे की केवळ तोंडी लावणे?

सहलीच्या पुरस्कर्त्यांची बाजू आम्ही ऐकली आहे आणि ती टाकाऊ नाही. त्यांचा पहिला मुद्दा संख्येचा. ते म्हणतात, पन्नास माणसांची बस आली तर गाव त्रासते. बारा माणसे आली तर कोणाला काय त्रास? हे अर्धसत्य आहे. बसमधून उतरणारी पन्नास माणसे रस्त्यावरून पाहतात आणि जातात. बारा माणसे मात्र ओसरी ओलांडून आत येतात, स्वयंपाकघरात डोकावतात, आजीला तिच्या लग्नाविषयी विचारतात, देव्हाऱ्यापुढे उभे राहून छायाचित्र काढतात. लहान गट आत शिरतो म्हणूनच त्याची मर्यादा अधिक काटेकोर हवी. बारा हा आकडा ख्रिस्ती माणसाला परिचित आहे, आणि बारांच्या संगतीतही काय काय घडू शकते हे त्याला ठाऊक आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. जुनी घरे सांभाळणे परवडत नाही, कौले शाकारायला माणूस मिळत नाही, तेव्हा चार पैसे आले तर बिघडले कोठे? बिघडले काहीच नाही, ते पैसे घराच्या कौलांपर्यंत पोचत असतील तर. परंतु पाहुण्याने भरलेल्या रकमेतून आयोजकाचा वाटा किती, मार्गदर्शकाचा किती आणि पहाटे उठून पीठ आंबवणाऱ्या, दुपारी चुलीपुढे बसून फुगे तळणाऱ्या बाईच्या हाती किती, याचा लेखी हिशेब मागून पाहा. हिशेब मिळाला तर आनंद आहे. मिळाला नाही, तर संस्कृती टिकवण्याचे कार्य नेमके कोणाच्या घरी चालले आहे ते उमगेल.

या संदर्भात आपल्या समोरच्या बेटाकडे बोट दाखवल्यावाचून राहवत नाही. ट्रॉम्बेच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे घारापुरी दिसते. तेथील लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. देशोदेशींचे पर्यटक होड्यांतून आले, त्रिमूर्तीपुढे नतमस्तक झाले आणि संध्याकाळच्या शेवटच्या होडीने परतले. त्याच बेटावरील शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांत मात्र जनित्रावर संध्याकाळचे काही तास दिवे लागत. समुद्रतळातून तारा टाकून तेथे कायमची वीज आली ती २०१८ साली. मान मिळाला १९८७ साली, दिवा मिळाला २०१८ साली. मधली एकतीस वर्षे जगाने दगडाची संस्कृती पाहिली आणि दगडाशेजारच्या माणसाला अंधारात ठेवले. 'पर्यटन आले की विकास येतोच' असे म्हणणाऱ्यांनी एकदा मोराबंदरच्या म्हाताऱ्यांना भेटून यावे.

तिसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. ते म्हणतात, आपली मुले हे सारे विसरत चालली आहेत. निदान पाहुण्यांसाठी तरी उंबराचे पाणी होईल, निदान देखाव्यासाठी तरी कोणी जुनी गाणी पाठ करील. हा युक्तिवाद ऐकताना मन क्षणभर द्रवते. परंतु उंबराचे पाणी म्हणजे काय, याचा विचार करू. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका बाजा-गाजासह विहिरीवर जातात, पाणी भरतात, गात गात परततात आणि त्या पाण्याने नवऱ्याला किंवा नवरीला न्हाऊ घालतात. त्या पाण्याला अर्थ आहे तो त्या मुलीमुळे, जी उद्या हे घर सोडणार आहे; त्या आईमुळे, जिचा कंठ गाताना दाटून येतो; त्या विहिरीमुळे, जिचे पाणी साऱ्या गल्लीने प्यायले आहे. यातली मुलगी काढली, आई काढली, आणि विहीर तर बहुतेक ठिकाणी केव्हाच बुजवली गेली आहे, तर मागे काय राहिले? नळाच्या पाण्याने भरलेला हंडा आणि भाड्याने आणलेला बाजा. अशाने परंपरा टिकत नाही; परंपरा मेल्याची वार्ता तेवढी लांबणीवर पडते.

आणि चर्चच्या पायरीवरील लग्नाच्या देखाव्याविषयी तर आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. विवाह हा संस्कार आहे. ज्या पायरीवर तुमच्या आईवडिलांनी एकमेकांचा हात धरला, तेथे शनिवारी चार वाजता मोबदला घेऊन खोटा नवरा आणि खोटी नवरी उभी करणे हे कोणत्याही संस्कृतीचे रक्षण नव्हे. प्रभुभोजनाची भाकर जशी नमुन्यादाखल वाटता येत नाही, तसा विवाहही नमुन्यादाखल लावता येत नाही.

आमचे हे म्हणणे कोणाला धर्मगुरूंचा हटवाद वाटेल. म्हणून दूरच्या एका बेटाचे उदाहरण देतो, जेथील लोक ख्रिस्ती नाहीत आणि पर्यटनावरच ज्यांचा संसार चालतो. इंडोनेशियातील बाली हे हिंदू बेट गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासून युरोपीय प्रवाशांना मोहिनी घालत आले आहे. पर्यटक वाढले तशी देवळांतील नृत्ये हॉटेलांच्या अंगणात होऊ लागली. तेव्हा १९७१ साली बालीतील धर्मज्ञ, कलावंत आणि अधिकारी एकत्र बसले आणि त्यांनी नृत्यांचे तीन वर्ग केले: देवळाच्या अंतर्भागात देवासमोरच करावयाची, विधीच्या सोबतीने करावयाची, आणि केवळ मनोरंजनाची. पाहुण्यांसाठी तिसऱ्या वर्गाचे दार मोकळे. पहिल्या वर्गाचा बाजार नाही. ही रेघ सर्वत्र पाळली गेली असे आम्ही म्हणत नाही. परंतु रेघ ओढली गेली, आणि ती पाहुण्यांनी नव्हे, यजमानांनी ओढली, हे महत्त्वाचे.

त्याच बालीत न्येपी नावाचा मौनाचा दिवस असतो. त्या दिवशी बेटावर कोणी घराबाहेर पडत नाही, दिवे मंद असतात, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद ठेवला जातो. लाखो रुपये खर्चून आलेल्या पर्यटकालाही त्या दिवशी हॉटेलातच राहावे लागते. २०२४ सालच्या फेब्रुवारीपासून तर परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया इतका कर संस्कृती आणि निसर्ग यांच्या रक्षणासाठी घेतला जातो. अर्थात बालीचेही सारे गोड नाही. तेथील भातशेतीच्या सामूहिक पाणीवाटपाच्या व्यवस्थेला, ज्याला 'सुबक' म्हणतात, २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला; आणि तरीही शेते विकली जाऊन त्यांवर पर्यटकांचे बंगले उठतच आहेत. नृत्याची रेघ ओढता आली, जमिनीची रेघ ओढणे मात्र कठीण गेले. हा धडा आपल्यालाही लागू आहे. मुंबईत १८९ गावठाणे आहेत असे नेहमी सांगितले जाते. त्यांच्या सीमा निश्चित व्हाव्यात, ही मागणी जुनी आहे. गावठाण मोकळे करून तेथे मनोरा उभा राहिल्यावर त्याच्या तळमजल्यावर 'पारंपरिक ईस्ट इंडियन भोजन' मिळाले, तर ते कोणत्या तोंडाने खावे?

दाखवायचेच असेल तर खरे दाखवा, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि खरे दाखवायला धैर्य लागते. बोरिवलीच्या मंडपेश्वराला चला. तेथील शैव लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी प्रार्थनास्थळ केले आणि वरच्या बाजूला मठ बांधला. आज लेण्यात पुन्हा शिवपूजा होते आणि माथ्यावर मठाचे भग्न अवशेष उभे आहेत. हा इतिहास आपल्याला सर्वस्वी सुखावणारा नाही. परंतु तो लपवून जो मार्गदर्शक केवळ आपल्या फुग्यांची स्तुती करतो, तो आपला मित्र नव्हे, भाट आहे. अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड १५७९ साली बांधलेल्या संत योहान बाप्तिस्ताच्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या साथीत गावकरी ते सोडून मरोळला गेले. आज कारखान्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या भिंती साष्टीच्या ख्रिस्ती माणसाची सारी कहाणी सांगतात: श्रद्धा, रोगराई, स्थलांतर आणि शेवटी आपल्याच चर्चच्या दाराशी परवानगी मागण्याची पाळी.

तसेच 'ख्रिस्ती संस्कृती' म्हणून जे चित्र विकले जाते, ते अपुरे आहे. ईस्ट इंडियन हे नावच १८८७ सालचे. व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती बांधवांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून येथील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ते घेतले. त्या नावाचा आम्हांला आदर आहे. परंतु चेंबूरच्या चर्चमध्ये रविवारी गुडघे टेकणाऱ्यांत नगर आणि जालना जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे आहेत, वसईकर आहेत, तमिळ आणि मल्याळी बांधव आहेत. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारी आई आणि ऑक्टोबरात आगेऱ्याची कणसे वेदीवर वाहणारी आई एकाच बाकावर बसतात. त्यांतली एक छायाचित्रात शोभते आणि दुसरी शोभत नाही, असे जर पाहुण्यांच्या आयोजकाने ठरवले, तर ती निवड आम्हांला मान्य नाही.

आता थोडे आपल्या घरांविषयी. आपल्यापैकी अनेक कुटुंबे हल्ली सुट्टीत श्रीलंकेला, अंदमानला, बालीलाही जातात. जावे, ख्रिस्तसभेने प्रवासाला कधी विरोध केलेला नाही. परमपीठाने १९६९ साली आणि पुन्हा २००१ साली पर्यटकांच्या आध्यात्मिक सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. परंतु बालीच्या देवळात कमरेला वस्त्र गुंडाळून आदराने उभा राहणारा आपला मुलगा आपल्याच गल्लीतील क्रूस कोणत्या साली आणि कशासाठी उभा राहिला, हे सांगू शकत नाही. आपल्या बेटांवरील कित्येक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या दिवसांत उभारले गेले; माणसे घरे सोडून पळत होती तेव्हा मागे राहिलेल्यांनी त्यांपुढे प्रार्थना केली. हे जर घरच्या मुलाला ठाऊक नसेल, तर उद्या तो भाड्याच्या मार्गदर्शकाकडून ते विकत ऐकेल.

पाहुणा कसा असावा आणि यजमान कसा, याचे एक चित्र प्रेषितांच्या कृत्यांत आहे, आणि तेही एका बेटावरचे. जहाज फुटून २७६ माणसे माल्टाच्या किनाऱ्याला लागली. पाऊस पडत होता, थंडी होती. बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली आणि सर्वांना जवळ केले. पुब्ल्य नावाच्या प्रमुखाने तीन दिवस आपल्या घरी ठेवून घेतले. परंतु या प्रसंगातली एक बारीकशी गोष्ट आपण अनेकदा सोडून देतो. संत पौल हात शेकत बसला नाही. त्याने स्वतः काटक्या गोळा केल्या आणि आगीत टाकल्या. पुढे त्याने पुब्ल्याच्या आजारी वडिलांवर हात ठेवून त्यांना बरे केले. आमच्या मते सांस्कृतिक प्रवासाची सारी कसोटी येथे आहे. पाहुणा काटक्या गोळा करतो की केवळ शेकोटीचे छायाचित्र काढतो? जो काटक्या गोळा करतो, त्याला बारांच्या नव्हे, २७६ च्या जमावातही जागा आहे.

म्हणून धर्मग्राम मंडळांना आणि गावठाणांच्या पंचांना आम्ही पुढील गोष्टी सुचवतो. संस्काराचा किंवा त्याच्या नकलेचा देखावा पैसे घेऊन वा फुकट, कोठेही होऊ नये. जेवण, गाणी, घरांची बांधणी, मसाल्याची कृती, कोळ्यांची जाळी विणण्याची कला हे सारे मोकळ्या मनाने दाखवावे. मिस्सा, नोवेना आणि अंत्यविधीच्या वेळी सहली येऊ नयेत आणि घरमालकाच्या परवानगीवाचून छायाचित्र काढू नये. मार्गदर्शक गावातलाच असावा. तो घडवण्यासाठी धर्मग्रामाने वर्ग चालवावा, आणि त्या वर्गात मंडपेश्वरही शिकवावा, कचऱ्याची गाडीही शिकवावी. जमाखर्च दर तिमाहीला चर्चच्या फलकावर लागावा. राबणाऱ्या बाईचे पैसे तिच्याच हाती जावेत आणि ठरलेला हिस्सा जुन्या घरांच्या डागडुजीसाठी राखावा.

शेवटची सूचना आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. परक्या पाहुण्यांची पहिली सहल येण्यापूर्वी आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची सहल निघावी. त्यांना ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात न्यावे, माहुलच्या खाडीवर न्यावे, घारापुरीला नेऊन तेथील वस्तीत जेवू घालावे, जानेवारीत एरंगळच्या जत्रेला न्यावे. तेथे त्यांनी प्रश्न विचारावेत आणि म्हाताऱ्यांनी उत्तरे द्यावीत. यंदाच्या आगेऱ्याच्या आत ही एक सहल जे धर्मग्राम काढू शकत नाही, त्याला बाहेरच्या बारा जणांपुढे आपली संस्कृती दाखवण्याचा अधिकार नाही. आणि जे ती काढील, त्याला तो अधिकार कोणाकडे मागावा लागणार नाही.